थ्रॉटल बॉडी साफ केली आणि काटा झोके घ्यायला लागला? आधी हवा शोधा, मग बॅटरीला हात लावा

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारा भाग, चकचकीत करून मोठ्या उत्साहाने गाडी चालू केली, तर आरपीएमचा काटा ७०० वरून १५०० वर, तिथून धाडकन ६०० वर, परत वर. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनकाका आवाज ऐकून उठून आले. म्हणाले, "साहेब, आत बसून रेस कोण देतंय?" आत कुणीच नव्हतं.

असं झालं म्हणजे काही तुटलंच असं नाही. थ्रॉटलमधल्या गोल पाकळीच्या, म्हणजे बटरफ्लायच्या कडेला काजळी साचत जाते आणि हवेची फट बारीक होते. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, भरपाई म्हणून पाकळी किंचित जास्त उघडी ठेवायला शिकतो. आपण काजळी काढतो, पण ईसीयूच्या डोक्यात हिशोब जुनाच. तेवढ्याच उघडीपीतून आता जास्त हवा आत जाते, आरपीएम चढतो. ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि आरपीएम मात्र जास्त, म्हणून ईसीयू पेट्रोल तोडतो. काटा कोसळतो. पेट्रोल पुन्हा सुरू, काटा पुन्हा वर. हाच तो झोका.

पण नेमकं हेच लक्षण हवा गळतीचंही असतं, म्हणजे एखाद्या सैल जोडातून जास्तीची हवा आत शिरते. मेकॅनिकच्या भाषेत, गाडी 'एअर घेतेय'. म्हणून बॅटरी काढून मेमरी पुसायची घाई नको. गळती तशीच ठेवून ईसीयूला शिकवलंत, तर तो चुकीचंच शिकेल. शिवाय मेमरीबरोबर फॉल्ट कोडही पुसले जातात आणि माग काढायला काही उरत नाही.

तेव्हा पहिलं काम कोड वाचायचं. गाडीच्या सॉकेटला लावून कोड फोनवर दाखवणारा, ब्लूटूथवर चालणारा ओबीडी डोंगल लॅमिंग्टन रोडला मिळतो, ऑनलाइनही मिळतो. पी०५०७ म्हणजे आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता असलेला आरपीएम) हवं त्यापेक्षा जास्त, पी०५०६ म्हणजे कमी, पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. फोनवर फोटो काढून ठेवा.

मग इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर, जे जे उघडलं होतं ते पुन्हा एकदा हाताने तपासा. एअर फिल्टरपासून येणाऱ्या जाड पाइपचा क्लॅम्प, थ्रॉटलचा सॉकेट 'टक' करून बसलाय का, थ्रॉटल आणि मॅनिफोल्ड (तिथून हवा इंजिनात नेणारा भाग) यांच्यामधलं गॅस्केट किंवा ओ-रिंग दुमडली तर नाही ना. पावसाळ्यात काम केलं असेल तर सॉकेटच्या पिनांवर ओल किंवा हिरवट थर आहे का तेही बघा. माझी चूक यातल्या कशातच नव्हती. इंजिनच्या झाकणाकडून येणारा करंगळीएवढा रबरी पाइप मी परत लावलाच नव्हता, आणि वरच्या प्लास्टिक कव्हरमुळे तो दिसतही नव्हता. तोवर एका गॅरेजवाल्याने फोनवरच 'थ्रॉटल बॉडी नवीन टाका' असं सांगून टाकलं होतं.

पाइप जागेवर दिसत असतील तर गाडी उघड्यावर आणून चालू करा. बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. कान लावा, 'स्स्स' ऐकू येतं का बघा. फिरणाऱ्या बेल्ट-पंख्यापासून हात आणि ओढणी लांब. रबरी जोडांवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा, पण इलेक्ट्रिक सॉकेटांवर नाही. पाणी आत ओढलं गेलं किंवा आवाज बदलला, तर गळती तिथेच. कार्ब क्लीनर मारून गळती शोधणारे भेटतील. गरम इंजिनवर तो पेट घेऊ शकतो, तसं करू नका.

गळती नाही याची खात्री झाली की शिकवणी. आधी गाडीचं मॅन्युअल बघा, कारण काही गाड्यांना स्कॅनरनेच 'थ्रॉटल लर्न' द्यावं लागतं. बाकीच्यांसाठी साधारण असं: किल्ली काढा, १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, १५ मिनिटं थांबा. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो हाताशी ठेवा. तार घट्ट लावा. एसी, दिवे, पंखा सगळं बंद. किल्ली ऑन करून अर्धा मिनिट तसंच राहू द्या, स्टार्टर मारू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल या वेळात पाकळीची बंद जागा ओळखतो. मग ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चालू करा आणि रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत चालू द्या. सुरुवातीला थोडा धूर किंवा अडखळणं चालेल, आत राहिलेला क्लीनर जळतोय. नंतर पाचेक मिनिटं एसी लावून तसंच.

त्यानंतर रविवारी पहाटे बाहेर काढा. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीपर्यंत एकसारख्या वेगात, परत येताना एलबीएस मार्गाने सिग्नल घेत घेत. ईसीयूला दोन्ही हवं असतं. गरम इंजिनचा काटा बऱ्याच गाड्यांत ६५० ते ८५० च्या आसपास स्थिरावतो.

सीएनजीवाल्यांनी ही सगळी शिकवणी पेट्रोलवर करायची. गॅस किटचा हिशोब पेट्रोलच्याच हिशोबावर चालतो. आपल्याकडे टाकीत महिनोन्महिने तळाशी जुनं पेट्रोल पडून असतं, तेव्हा आधी चार-पाच लिटर ताजं भरा.

दोन गोष्टी मात्र करू नका. ॲक्सिलरेटरच्या केबलने उघडणाऱ्या थ्रॉटलवर पाकळीला टेकणारा, रंग लावून सील केलेला एक छोटा स्क्रू असतो. आयडल कमी करायला तो फिरवायचा मोह होतो. तो आयडलचा स्क्रू नाही. अशा गाडीत आयडल सांभाळणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या वाटेत काजळी अडकली असेल तर ती साफ करा. आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी किल्ली ऑन असताना बोटाने ढकलू नका. आत गिअर असतात, ते दुखावतात.

दोन-तीन दिवस चालवूनही काटा डोलत असेल तर गॅरेजमध्ये 'आयडल बघा' असं मोघम सांगू नका. स्मोक टेस्ट, म्हणजे धूर सोडून गळती शोधायची चाचणी, मागा, स्कॅनरने थ्रॉटल लर्न करून घ्या, आणि आतली भिंत घासून खरवडली गेलीय का ते बघायला सांगा. काही थ्रॉटलना आतून लेप असतो. तो ब्रशने निघून गेला असेल तर कडेने हवा जातच राहते, आणि मग खरोखरच नवीन थ्रॉटल बॉडी घ्यावी लागू शकते.