रिक्त पदाचा पैसा कुठे जातो? नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा आरोग्य-खर्च कसा वाचावा

कॅनडाच्या उत्तरेकडील नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये सुमारे ४५ हजार लोक ३३ वस्त्यांत राहतात आणि त्यांपैकी जवळपास निम्मे एकट्या यलोनाइफ या राजधानीत आहेत. उरलेले तेरा लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या मुलखात विखुरलेले आहेत. बहुतेक लहान वस्त्यांत कायमचा डॉक्टर नसतो. तिथले आरोग्य केंद्र परिचारिकाच चालवतात, डॉक्टर ठरावीक दिवशी विमानाने येतो किंवा फोनवर सल्ला देतो. त्यामुळे परिचारिकेचे एक पद रिकामे राहिले की त्याचा परिणाम शहरातल्या मोठ्या रुग्णालयापेक्षा कितीतरी लवकर जाणवतो. खर्चावर मात्र तो असा पसरतो की अंदाजपत्रकातल्या कोणत्याही एका शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या एका गटाखाली, सापडत नाही. अभ्यासक, पत्रकार किंवा तिथे नोकरीला जाऊ पाहणाऱ्या परिचारिकेने ही कागदपत्रे उघडताना एक गोष्ट धरून ठेवावी: रिक्त पद म्हणजे बचत नव्हे. त्या पदाचा पैसा दुसऱ्या नावाने, बहुधा अधिक प्रमाणात, खर्च होत असतो आणि तो कुठे गेला हे शोधणे हेच या वाचनाचे मुख्य काम आहे.

आधी पैसा देणारा आणि माणसे कामावर ठेवणारा यांतला फरक समजून घ्यावा. विधानसभा पैसा मंजूर करते तो आरोग्य व समाजसेवा विभागाला. रुग्णालये आणि आरोग्य केंद्रे मात्र स्वतंत्र प्राधिकरणे चालवतात. १ ऑगस्ट २०१६ रोजी बहुतेक विभागीय मंडळे विलीन करून संपूर्ण प्रदेशासाठी एकच आरोग्य प्राधिकरण स्थापण्यात आले. ‘हे रिव्हर’ (Hay River) या गावाचे प्राधिकरण आणि त्लिचो या मूलनिवासी समाजाची सेवासंस्था या दोन्ही मात्र वेगळ्या राहिल्या. विभागाच्या पुस्तकात ‘वेतन व भत्ते’ या शीर्षाखाली दिसते ती मुख्यतः विभागाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची रक्कम. वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकांचा पैसा तिथे ‘अनुदाने व हस्तांतरणे’ या शीर्षात लपलेला असतो. म्हणून केवळ विभागाचे अंदाजपत्रक वाचून ‘पगारावरचा खर्च फारसा वाढलेला नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. प्राधिकरणाची वार्षिक आर्थिक विवरणे सोबत ठेवावीत आणि त्यांत वेतन, जादा कामाचा मोबदला, कंत्राटी सेवा आणि प्रवास ही शीर्षे वेगवेगळी पाहावीत.

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. चालू खर्चाचे अंदाज सहसा फेब्रुवारीत मांडले जातात, तर इमारती व उपकरणांचे भांडवली अंदाज त्याआधीच्या शरद ऋतूत. अंदाजपत्रकाच्या पानावर साधारणपणे येत्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असे चार स्तंभ असतात. घाईत वाचणारा पहिल्या दोन स्तंभांची तुलना करतो आणि तिथेच फसतो. खरी तुलना करायची ती एखाद्या वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाची, त्याच वर्षाच्या मूळ अंदाजाशी. ही दोन्ही एकाच पुस्तकात नसतात, म्हणून दोन-तीन वर्षांची जुनी पुस्तके जवळ असावी लागतात. मूळ अंदाजापेक्षा प्रत्यक्ष खर्च दरवर्षी जास्तच येत असेल, तर तो अपघात मानू नये. अंदाजच जाणीवपूर्वक तोकडा बांधला जात असण्याची शक्यता अधिक. मधली तफावत पुरवणी मागण्यांतून, म्हणजे वर्ष सुरू असताना सभागृहाकडे मागितलेल्या जादा रकमांतून, भरली जाते. सभागृहाचे अधिवेशन नसताना वित्तीय व्यवस्थापन मंडळाच्या शिफारशीवरून आयुक्त (संघीय सरकारने नेमलेला प्रदेशाचा औपचारिक प्रमुख) विशेष आदेशानेही खर्चाला परवानगी देऊ शकतो. मनुष्यबळाविषयीचे अनेक खरे निर्णय वाजतगाजत मांडलेल्या अंदाजपत्रकापेक्षा या कोरड्या पुरवणी मागण्यांमध्ये अधिक स्पष्ट दिसतात, आणि नेमक्या त्याच फारसे कोणी वाचत नाही.

पदसंख्येचे तक्ते वाचताना सावध राहावे. त्यांतली संख्या मंजूर पदांची असते, कामावर असलेल्या माणसांची नव्हे. एखाद्या वर्षी दहा पदे ‘वाढवली’ असे जाहीर झाले आणि आधीचीच पदे भरलेली नसतील, तर वॉर्डात एकही माणूस वाढत नाही.

पैसा एका शीर्षातून दुसऱ्यात कसा सरकतो याचे ठळक उदाहरण यलोनाइफच्या स्टॅन्टन प्रादेशिक रुग्णालयात सापडते. नवी इमारत २०१९ मध्ये सुरू झाली, म्हणजे जागेची अडचण नव्हती. तरीही परिचारिका अपुऱ्या पडल्यामुळे डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात तिथे बहुतेक प्रसूती करणे थांबवावे लागले आणि गरोदर स्त्रियांना शेजारच्या अल्बर्टा प्रांतातील एडमंटनला पाठवण्यात आले. हिशेबात याचे काय होते ते पाहा. प्रसूती विभागाच्या न भरलेल्या पदांचे वेतन शिल्लक राहते, ते कागदावर बचतीसारखे दिसते. त्याच वेळी विमानभाडे, प्रसूतीपूर्वी परगावी राहण्याचा खर्च, सोबतच्या माणसाचा खर्च आणि परप्रांतातील रुग्णालयाचे बिल हे सारे वैद्यकीय प्रवास आणि प्रदेशाबाहेरील सेवा या शीर्षांत चढते. यांपैकी काही भाग फर्स्ट नेशन्स व इनुइट या मूलनिवासी समाजांच्या रुग्णांसाठी संघीय आरोग्य लाभ योजनेतून येतो, म्हणजे तो आणखी तिसऱ्याच खात्यात दिसतो. आणि घरापासून हजारएक किलोमीटर दूर, आप्तांशिवाय बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला जे येते, त्याला कोणतेच शीर्ष नाही. म्हणून एखादी सेवा बंद झाल्याची बातमी आली की तिची तारीख टिपून ठेवावी आणि त्याच काळातला प्रवासाचा व परप्रांतीय सेवांचा खर्च शोधावा.

कोव्हिडनंतरच्या वर्षांत एजन्सीमार्फत येणाऱ्या कंत्राटी परिचारिकांचा प्रश्न तिथल्या सभागृहात वारंवार आला आहे आणि कर्मचारी संघटनेने या पद्धतीवर सतत टीका केली आहे. इथे तुलना करताना दोन्ही बाजूंनी लबाडी होऊ शकते. एजन्सीच्या बिलाची तुलना नुसत्या मूळ पगाराशी केली, तर फरक अवाच्या सवा दिसतो. कायम परिचारिकेच्या पगारात निवृत्तिवेतनाचा हिस्सा, उत्तर भागाचा भत्ता, रजेच्या काळातली बदली व्यवस्था, स्थलांतराचा खर्च आणि शक्य असल्यास घरांसाठी सरकारने सोसलेला भार मिळवल्याशिवाय तुलना योग्य होत नाही. उलट बाजूने, एजन्सीच्या बिलात प्रवास व निवासाची रक्कम धरली आहे की ती वेगळी दिली जाते, हेही तपासावे. मग एका तासाच्या कामाचा एकूण खर्च दोन्हीकडे काढावा. माझ्या मते, अचानक आजारपण किंवा रजेची पोकळी भरण्यासाठी कंत्राटी मनुष्यबळ वापरण्यात गैर काही नाही. पण तेच पद सलग दोन-तीन वर्षे कंत्राटावर भरले जात असेल, तर ती पोकळी राहत नाही, तो न जाहीर केलेला धोरणात्मक निर्णय होतो, आणि त्याचा हिशेब तसाच मागायला हवा.

उत्पन्नाची बाजू थोडक्यात पाहिली तरी चालेल, पण ती वगळू नये. या सरकारचे सर्वांत मोठे उत्पन्न म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडील तिन्ही प्रदेशांना मिळणारे संघीय सूत्राधारित अनुदान. त्याचा पाया प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या खर्चाच्या वाढीशी आणि सापेक्ष लोकसंख्येशी बांधलेला आहे. परिचारिका महाग झाल्या म्हणून हे अनुदान आपोआप वाढत नाही, आणि उर्वरित देशाच्या तुलनेत लोकसंख्या मंदावली तर वाढही मंदावते. शिवाय प्रादेशिक आरोग्य गुंतवणूक निधीसारखा संघीय पैसा मुदतबंद असतो. अशा पैशावर निर्माण केलेल्या पदापुढे मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर कागदात शोधावे.

आता प्रश्न कोणाला विचारायचे ते. १९ सदस्यांच्या या विधानसभेत राजकीय पक्ष नाहीत. प्रीमियरसह (म्हणजे प्रदेशाच्या सरकारप्रमुखासह) सात जणांचे मंत्रिमंडळ आणि एक अध्यक्ष वगळता ११ सदस्य मंत्रिमंडळाबाहेर असतात, म्हणजे संख्याबळ त्यांच्याकडे असते आणि अंदाजपत्रक संमत करून घेण्यासाठी सरकारला त्यांच्याशी तडजोड करावी लागते. विभागाचे अंदाज सभागृहात पानागणिक तपासले जातात. ती चर्चा इतिवृत्तात शब्दशः उपलब्ध असते आणि पुस्तकात न छापलेले आकडे पुष्कळदा तिथेच मंत्र्यांच्या तोंडून बाहेर पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने प्राधिकरणाचे नेतृत्व मंडळ बाजूला करून सार्वजनिक प्रशासक नेमला. त्यामुळे त्या तारखेनंतरच्या निर्णयांची जबाबदारी आधीच्या मंडळाकडे ढकलता येत नाही. सदस्याला पत्र लिहायचे असेल, तर ‘परिचारिका का मिळत नाहीत’ असे विचारू नये. त्याला ठरीव उत्तर तयार असते. त्याऐवजी एका वस्तीतले किंवा एका वॉर्डातले मंजूर पद घ्यावे आणि ते किती महिने रिक्त होते, त्या काळात त्याचे वेतन कोणत्या शीर्षाकडे वळवले, कंत्राट, जादा काम व प्रवास यांवर किती खर्च झाला आणि तो पुरवणी मागणीत मागितला का, हे चार प्रश्न एकाच पत्रात, एकाच आर्थिक वर्षापुरते विचारावेत.