अल्झायमरवर संशोधन सुरू करताय? आधी अँटिबॉडी काय धरते ते बघा

अल्झायमरवर काम करायला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात घरातलं कुणीतरी असतं. कारण चांगलं आहे. पण त्यापोटी उत्तर लवकर हाती लागावं असं वाटायला लागतं, आणि या विषयात ती घाईच घात करते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी हे लिहितेय. एपीपी हे पेशीच्या पटलातलं प्रथिन, त्याला कापून अमायलॉइड बीटा हा तुकडा सुटा करणारी बीटा आणि गॅमा सिक्रेटेझ ही विकरं, गुंत्यांतलं टाऊ हे प्रथिन, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. इतिहासातलं एवढंच लक्षात ठेवा: आलोइस अल्झायमर यांनी मेंदूतले प्लाक आणि तंतूंचे गुंते १९०६ साली मांडले, आणि प्लाक ज्याचे बनतात ते अमायलॉइड बीटा हे पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) वेगळं काढून ओळखायला १९८४ साल उजाडलं. डोळ्यांना स्पष्ट दिसणारी गोष्ट कशाची बनली आहे हे कळायलाच ७५ हून जास्त वर्षं गेली. दिसणं आणि कळणं यांतलं हे अंतर रोजच्या प्रयोगातही असतं, आणि माझं गाडं नेमकं तिथेच अडलं होतं.

समजा, तुमच्याकडे एपीपी भरपूर बनवणाऱ्या पेशी आहेत. तुम्ही ६ई१० ही अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक भागाला चिकटून तो उजळून दाखवणारं प्रथिन, लावली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आत हिरवे ठिपके उजळले. मनात लगेच वाक्य तयार होतं: पेशीत अमायलॉइड बीटा साचतंय. हे वाक्य वहीत उतरवू नका. ६ई१० जो भाग ओळखते तो अमायलॉइड बीटाच्या पहिल्या १६ अमिनो आम्लांत येतो. तोच भाग न कापलेल्या अख्ख्या एपीपीत आहे. बीटा सिक्रेटेझने कापल्यावर पटलात उरणाऱ्या सी९९ या तुकड्यातही आहे. अल्फा सिक्रेटेझने कापून पेशीबाहेर सोडलेल्या मोठ्या तुकड्याच्या टोकालाही आहे. अँटिबॉडीला यांतला फरक कळायचं काही कारणच नाही. त्यात पेशीमध्ये अख्खं एपीपी अमायलॉइड बीटापेक्षा कितीतरी जास्त असतं. मग ते हिरवे ठिपके कुणाचे?

माझे ठिपके एपीपीचे होते. हे कळेपर्यंत त्यांच्यावर पुढचे प्रयोग रचून झाले होते. भोवतीच्या एकालाही ते खटकलं नव्हतं, कारण चित्रं सुंदर होती आणि सगळ्यांना जे हवं होतं तेच ती दाखवत होती. हे नवख्यांपुरतं आहे असंही नाही. तीन जनुकांचे बदल एकत्र आणलेल्या एका प्रसिद्ध उंदराच्या चेतापेशींत अमायलॉइड बीटा साठतं असं बरीच वर्षं लिहिलं जात होतं. २०११ साली एका गटाने दाखवलं की तिथे उजळतंय ते एपीपी आहे.

यातून सुटायचे मार्ग आहेत, आणि ते फार अवघड नाहीत. सगळ्यात खात्रीचा म्हणजे एपीपी नॉकआऊट, म्हणजे एपीपीचं जनुकच बंद केलेल्या, पेशी किंवा ऊती. तिथेही उजेड दिसला तर तो एपीपीचाही नाही. अँटिबॉडी भलत्याच कशाला तरी चिकटतेय. दुसरा मार्ग, पेप्टाइडचं ४० किंवा ४२ व्या अमिनो आम्लावर संपणारं मोकळं टोक ओळखणाऱ्या अँटिबॉडी. ते टोक गॅमा सिक्रेटेझने कापल्यावरच उघडं पडतं, त्यामुळे अख्खं एपीपी त्यांना सहसा दिसत नाही. तिसरा मला सर्वांत आवडतो, कारण त्यात जीवरसायनच साक्ष देतं. पेशींना बीटा सिक्रेटेझ रोखणारं औषध द्या: अमायलॉइड बीटा आणि सी९९ दोन्ही कमी व्हायला हवेत. गॅमा सिक्रेटेझ रोखा: अमायलॉइड बीटा घटेल, पण सी९९ साचत जाईल. गॅमा रोखल्यावर तुमचा संकेत वाढला, तर तुम्ही सी९९ बघताय. दोन्ही औषधांनी काहीच हललं नाही, तर बहुधा एपीपी. एका आठवड्यात होणारं काम आहे. ते न करता लिहिलेला प्रबंध मी तपासायला घेतला, तर परत पाठवीन.

नुसत्या चित्रावर न थांबता वेस्टर्न ब्लॉटही करा. त्यात प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून सच्छिद्र पटलावर उतरवतात (हीच ट्रान्सफर) आणि तिथे अँटिबॉडी लावतात, म्हणून आकार दिसतो. एपीपी १०० किलोडाल्टनच्या आसपास आणि वर, सी९९ साधारण १२ ला, अमायलॉइड बीटा तळाशी ४ ला. तो तळाचा बँड पहिले काही महिने येणारच नाही. घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. पेप्टाइड इतकं लहान आहे की ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पटलातून आरपार निघून जातं, ०.२ चं पटल घ्या. ट्रान्सफरनंतर आणि ब्लॉकिंगच्या आधी पटल काही मिनिटं पीबीएस या क्षारांच्या द्रावणात उकळा. हे कुणी समोर उभं राहून दाखवेपर्यंत खरं वाटत नाही, पण काल कोरा आलेला ब्लॉट आज बोलायला लागतो. उंदराच्या ऊतीवर उंदरापासूनचीच अँटिबॉडी वापरत असाल तर ५० आणि २५ किलोडाल्टनचे बँड ऊतीतल्या इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे उंदराच्या स्वतःच्याच अँटिबॉडींचे, असू शकतात. आणि एसडीएस या डिटर्जंटमुळे अमायलॉइड बीटा ४२ चे तीन-चार रेणू जेलमध्येच एकत्र येऊ शकतात. त्यामुळे नवा ऑलिगोमर (थोड्या रेणूंचा गट) सापडला असं वाटलं की कुणाला सांगण्याआधी अजून दोन पद्धतींनी पडताळा.

अँटिबॉडीने प्रथिनाचं प्रमाण मोजणाऱ्या तयार एलायझा किटबद्दल माझं मत कडक आहे. किटने काम वाचतं, विचार वाचत नाही. गोळा झालेल्या पेप्टाइडमध्ये अँटिबॉडी बसायची जागाच झाकली जाते, त्यामुळे प्लाकने भरलेल्या ऊतीचा आकडाही एलायझात कमी येऊ शकतो. फॉर्मिक आम्लाने किंवा ग्वानिडीनने ते आधी सुटं करावं लागतं. तसं केलं नसेल तर आकडा खरा धरू नका.

गाइड निवडताना माणूस किती प्रसिद्ध आहे याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. गटाच्या बैठकीत मूळ, न कापलेले ब्लॉट उघडले जातात का, ते बघा. ‘कंट्रोल कुठाय?’ असं विचारणारा गाइड आधी त्रासदायक वाटतो; तोच चांगला. ‘गोष्ट जमतेय, आता लिहून टाक’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा, मग तो कितीही प्रेमळ असो. ऑलिगोमरचा एक विशिष्ट प्रकार स्मृती बिघडवतो असं सांगणारा २००६ चा निबंध हजारो वेळा उद्धृत झाला आणि चित्रांवर प्रश्न उठल्यानंतर २०२४ साली मागे घेतला गेला. त्याच्या आधारावर काम उभारणाऱ्यांत तुमच्यासारखीच मुलं होती. मला त्यांचं अजूनही वाईट वाटतं.

म्हणून विषय सोडू नका. पाया पोकळ नाही. एपीपी आणि प्रिसेनिलिन (गॅमा सिक्रेटेझचा एक भाग) यांतली उत्परिवर्तनं कमी वयात हा आजार आणतात. आइसलँडमध्ये सापडलेला एपीपीतला एक बदल अमायलॉइड बीटा कमी करतो आणि आजारापासून वाचवतो. हे पुरावे कुणाच्या एका चित्रावर अवलंबून नाहीत. लेकॅनेमॅब या अमायलॉइड बीटाविरोधी अँटिबॉडी औषधाच्या मोठ्या चाचणीत १८ महिन्यांत रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. रुग्णाच्या घरी हा फरक किती जाणवतो यावर वाद आहे, मेंदूला सूज आणि रक्तस्राव यांचा धोकाही आहे, तरी प्रयोगशाळेतलं पेप्टाइड माणसाच्या उपचारापर्यंत पोहोचलं हे खरं.

टाऊवर काम करणार असाल तर वेगळा इशारा: भूल दिल्यावर उंदराचं शरीर थंड पडतं, आणि नुसत्या थंडीनेही टाऊवरचे फॉस्फेट वाढतात. उंदीर गरम पॅडवर ठेवा, तापमान नोंदवा. प्रौढ उंदराच्या मेंदूत टाऊचे फक्त चार-रिपीट प्रकार (ज्यांत एक ठरावीक भाग चारदा येतो) असतात, माणसात तीन आणि चार दोन्ही, हेही विसरू नका.

नव्या प्रयोगशाळेत रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात विचारा, एपीपी नॉकआऊट पेशी आहेत का. नसतील तर अँटिबॉडीच्याही आधी त्या मागवा. आल्या की वाढवून लहान नळ्यांत वाटा, पॅसेजचा क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या तो) आणि तारीख लिहून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा, आणि एक नळी वितळवून त्या पेशींत एपीपीचा बँड खरंच नाही ना, ते स्वतः बघा.