लिमिट ऑर्डर कशी लावायची आणि भाव किती ताणायचा

ब्रोकरच्या ॲपवर ‘बाय’ दाबलं की उघडणाऱ्या खिडकीत मार्केट आणि लिमिट असे दोन पर्याय शेजारीशेजारी असतात. मार्केट म्हणजे समोर जो भाव असेल त्याला घेऊन टाक. लिमिट म्हणजे अमुक भावापर्यंतच घे, त्यावर एक पैसाही नको. आणि विकायचं असेल तर अमुक भावाच्या खाली देऊ नको. रिलायन्स किंवा एचडीएफसी बँकेचे दहा शेअर घेताना या दोहोंत फरक पडलाच तर काही पैशांचा पडतो. पण दिवसाला जेमतेम काही हजार शेअरची उलाढाल असलेली छोटी कंपनी असेल, तर तोच फरक हजार-दीड हजार रुपयांवर सहज जातो.

माझा सल्ला असा की ऑर्डर नेहमी लिमिटचीच लावावी, पण भाव टाकताना कंजूषपणा करू नये. लिमिटने भावाची खात्री मिळते, सौदा होईलच याची मिळत नाही. दोन रुपये वाचवायला खाली लावलेली ऑर्डर दिवसभर लटकत राहते आणि शेअर पंधरा रुपये वर निघून जातो, हेही रोज घडतं.

आधी डेप्थ उघडा

ॲपवर शेअरच्या नावापुढे मोठ्या आकड्यात दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. तो झालेल्या सौद्याचा आहे, तुम्हाला मिळणारा नाही. मिळणारा भाव बघायचा तर मार्केट डेप्थ उघडावी लागते. डावीकडे घेणाऱ्यांचे वरचे पाच भाव, उजवीकडे विकणाऱ्यांचे खालचे पाच भाव, आणि प्रत्येकापुढे शेअरची संख्या.

समजा एका छोट्या कंपनीचा शेवटचा सौदा १४१.५० ला झालाय आणि तुम्हाला ३०० शेअर हवेत. विकणाऱ्यांच्या बाजूला १४२ रुपयांना ४० शेअर आहेत, १४३.२५ ला ६०, १४६ ला ११० आणि १४९.९० ला पुष्कळ. मार्केट ऑर्डर टाकली तर ती ही सगळी शिडी चढत जाते: ४०, मग ६०, मग ११०, आणि उरलेले ९० थेट १४९.९० ला. एकूण ४३,८२६ रुपये, म्हणजे सरासरी १४६ च्या वर. स्क्रीनवरच्या १४१.५० ने हिशेब केला असता तर ४२,४५० झाले असते. एका बोटाच्या दाबात १,३७६ रुपये गेले, आणि यात दलाली धरलेलीच नाही.

तेच १४३.२५ ची लिमिट लावली असती तर पहिले ४० शेअर १४२ ला, पुढचे ६० शेअर १४३.२५ ला मिळाले असते आणि उरलेल्या २०० ची ऑर्डर १४३.२५ वर उभी राहिली असती. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बरेच जण इथेच अडखळतात: १४३.२५ ची लिमिट लावली म्हणून सगळे शेअर १४३.२५ ला मिळत नाहीत. समोर स्वस्त विकणारा असेल तर आधी त्याचा माल तुम्हाला त्याच्याच भावाला मिळतो. लिमिट ही मर्यादा आहे, बोली नाही.

भाव कोणता टाकायचा

शेअर घ्यायचाच आहे असं ठरलं असेल आणि उलाढाल भरपूर असेल, तर विकणाऱ्याच्या सगळ्यात खालच्या भावापेक्षा किंचित वर लिमिट लावा. विकणारा ८१२.४० ला उभा असेल तर ८१३ टाका. ऑर्डर तिथल्या तिथे लागते, बहुधा ८१२.४० लाच. क्षणभरात भाव उसळला तरी ८१३ च्या वर तुमचा खिसा कापला जात नाही. मार्केट ऑर्डरचा वेग जवळपास पूर्ण मिळतो आणि वर कुंपणही राहतं. रोजच्या खरेदीसाठी मला हीच पद्धत पटते.

छोट्या शेअरमध्ये घाई करायची नाही. घेणाऱ्यांत सगळ्यात वरचा १४०.८० ला उभा असेल तर तुम्ही १४०.८१ लावून त्याच्या पुढे जाऊ शकता. एनएसई या शेअर बाजारात २५० रुपयांच्या आतले शेअर एकेका पैशाने हलतात. मग तिसरा कोणी १४०.८२ लावतो, आणि एकेका पैशाची ही शर्यत तासभर चालू राहते. तिच्यात पडू नका. ३०० शेअर एकदम घेण्यापेक्षा शंभर-शंभरच्या तीन ऑर्डर वेगवेगळ्या भावांना लावून ठेवलेल्या बऱ्या.

गोल आकड्यांपासून जरा लांब राहा. १५०, २००, ५०० अशा भावांना विकणाऱ्यांची मोठी रांग लागलेली असते. एक्स्चेंज आधी भाव बघतं आणि भाव सारखा असेल तर वेळ: ज्याची ऑर्डर आधी आली त्याची आधी लागते. २०० ला विकायला उभे राहिलात तर पुढच्या हजारो शेअरनंतर तुमचा नंबर, आणि भाव १९९.९० वरून माघारी फिरला तर नंबर येतच नाही. १९९.७० लावलेलं बरं.

ऑर्डरची खिडकी भरताना

प्रकार निवडताना डिलिव्हरी (शेअर खात्यात ठेवायचे) की इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकायचे) हे दोनदा बघा. शेअर ठेवायचे असतील आणि चुकून इंट्राडे निवडलं, तर बाजार बंद होण्याआधी ब्रोकर तो सौदा आपोआप उलटा करून टाकतो. मग संख्या, मग लिमिट, मग भाव. भावात दशांशचिन्ह कुठे पडलंय ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मुदतीत साधारण दोन पर्याय असतात. ‘डे’ म्हणजे आजच्या दिवसापुरती. साडेतीनला ती नाही लागली तर रद्द होते आणि अडकवलेले पैसे मोकळे होतात. ‘आयओसी’ म्हणजे आत्ता जेवढी लागेल तेवढी लागू दे, उरलेली लगेच रद्द कर. सामान्य गुंतवणूकदाराला ‘डे’ पुरते.

ऑर्डर गेल्यावर ऑर्डर बुकमध्ये बघा: ओपन, कम्प्लीट की रिजेक्टेड. अर्धवट लागलेली ऑर्डर ओपनमध्येच दिसते, आणि ते लक्षात न घेता दुसरी ऑर्डर टाकणारे दुप्पट शेअर घेऊन बसतात. उभ्या ऑर्डरचा भाव बदलता येतो, पण बदलला किंवा संख्या वाढवली की रांगेतली जागा जाते आणि शेवटून उभं राहावं लागतं. संख्या कमी केली तर जागा टिकते.

विकताना होणारी सगळ्यात मोठी गडबड

शेअर १४१ ला आहे. तुम्हाला वाटतं, १३० च्या खाली गेला तर विकून मोकळं व्हावं. म्हणून तुम्ही १३० ला विकायची साधी लिमिट ऑर्डर लावता. ती थांबत नाही! १३० किंवा त्याहून चांगल्या भावाला विक, असा तिचा अर्थ. आणि आत्ता १४० च्या आसपास घेणारे उभेच आहेत. शेअर त्याच क्षणी विकले जातात. वर जाताना घेऊ म्हणून १५० ला खरेदीची लिमिट लावली, तर तीही अशीच ताबडतोब लागते.

यासाठी स्टॉप-लॉस ऑर्डर आहे. तिच्यात दोन भाव टाकायचे: ट्रिगर आणि लिमिट. ट्रिगर १३०, लिमिट १२८ असं टाकलं तर बाजारात १३० चा सौदा होईपर्यंत ऑर्डर झोपलेली राहते. झाला की १२८ पर्यंत विकायची लिमिट ऑर्डर म्हणून उठते. दोन्हींत थोडं अंतर हवंच. दोन्ही १३० ठेवले आणि भाव झपकन १२९.५० ला गेला, तर ऑर्डर जागी होते पण विकली जात नाही.

आणि अचानक वाईट बातमी येऊन भाव एका झटक्यात ११८ ला आला तर? ट्रिगर लागतो, ऑर्डर १२८ ला उभी राहते, आणि १२८ ला घेणारा कोणी नसतो. स्टॉप-लॉस लावला म्हणून नुकसान १३० लाच थांबेल असं धरून चालू नका.

उलट टोकाचं उदाहरण ५ ऑक्टोबर २०१२ चं. त्या सकाळी एका ब्रोकरकडून सुमारे ६५० कोटी रुपयांच्या चुकीच्या विक्रीच्या ऑर्डर गेल्या, निफ्टी काही सेकंदांत ९०० हून जास्त अंकांनी कोसळला आणि एनएसईचं कामकाज साधारण पंधरा मिनिटं थांबलं. भाव थोड्याच वेळात सावरले. पण ज्यांच्या मार्केट ऑर्डर नेमक्या त्या सेकंदांत पोचल्या, त्यांना समोर जो भाव होता तोच स्वीकारावा लागला. ज्यांनी थोडा खाली खरेदीचा लिमिट लावून ठेवला होता त्यांची चंगळ झाली.

वेळ आणि सर्किट

बाजार सव्वानऊला सुरू होतो, त्याआधी नऊपासून प्री-ओपन असतं. त्यात आलेल्या सगळ्या ऑर्डरींतून एकच भाव ठरतो आणि लागणाऱ्या ऑर्डरी त्याच भावाला लागतात. लिमिट लागली नाही तर ती मुख्य सत्रात पुढे जाते. नवशिक्यांनी पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यावीत. तेव्हा घेणाऱ्या-विकणाऱ्यांतलं अंतर मोठं असतं. आयपीओच्या लिस्टिंगच्या दिवशी, म्हणजे नवा शेअर बाजारात पहिल्यांदा येतो तेव्हा, त्या शेअरचे सौदे दहाला सुरू होतात, आणि तिथे मार्केट ऑर्डर टाकणं हे निव्वळ धाडस आहे.

बऱ्याच शेअरना रोजची २, ५, १० किंवा २० टक्क्यांची सर्किट मर्यादा असते. कालचा बंद भाव १४० आणि मर्यादा १० टक्के असेल तर आज १२६ ते १५४ याच पट्ट्यातला भाव चालतो. ११० ला मिळाला तर घेऊ म्हणून ऑर्डर टाकलीत तर ती रिजेक्ट होते.

जीटीटी: लांबच्या भावासाठी

११० ची वाट बघायची असेल तर बहुतेक ब्रोकर जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड), म्हणजे भाव येईपर्यंत टिकणारी सूचना, देतात. ही सूचना एक्स्चेंजकडे नसून ब्रोकरकडे पडून राहते, आणि ठरवलेला भाव आला की तो तुमच्या वतीने लिमिट ऑर्डर पाठवतो. रोज सकाळी तीच ऑर्डर नव्याने टाकायची कटकट वाचते. पण खात्यात त्या दिवशी पैसे नसतील तर ऑर्डर रिजेक्ट होते. विक्रीची जीटीटी असेल आणि ब्रोकरला डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायचा लेखी अधिकार) दिलेलं नसेल, तर त्या दिवशी टीपिन (या मंजुरीसाठीचा पिन) आणि ओटीपी टाकून शेअरला मंजुरी द्यावी लागते. नोकरीच्या ठिकाणी मीटिंगमध्ये बसलेले असाल तर संधी हुकते. बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) लागू झालं की जुन्या जीटीटी तपासून नव्या भावाने लावा. १:१ बोनसनंतर शेअरचा भाव निम्म्यावर येतो, आणि जुना आकडा तसाच राहिला तर नको ती खरेदी किंवा विक्री होऊन बसते.

ऑर्डर अर्धवट लागली किंवा लागलीच नाही तर

विक्रीत अर्धवट लागण्याला एक छोटा खर्च चिकटलेला असतो. डिमॅट खात्यातून शेअर बाहेर जातात तेव्हा डीपी चार्ज, म्हणजे ते खातं सांभाळणाऱ्याचं शुल्क, लागतो, आणि तो संख्येवर नसून दर कंपनीमागे दर दिवसाला असतो. आज १०० विकले, उद्या उरलेले २०० विकले, की तो दोनदा बसतो. वीस हजारांच्या विक्रीत त्याचं काही वाटत नाही, पण दोन हजारांच्या विक्रीत चार-पाच शेअर उद्यावर ढकलण्यापेक्षा भाव दहा-वीस पैसे खाली आणून आजच संपवणं परवडतं.

खरेदी लागली नाही तर संध्याकाळी एकच बघा: आदल्या दिवशी ज्या कारणाने तो भाव ठरवला होता, ते कारण अजून तसंच आहे का? असेल तर उद्या पुन्हा तोच भाव. कंपनीचे निकाल लागलेत, तिला नवं काम मिळालंय, प्रवर्तकांनी शेअर विकलेत, असं काही बदललं असेल तर आकडा नव्याने काढा. आणि ज्या दिवशी सौदा होईल त्या दिवशी रात्री ईमेलवर आलेली कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्याची पावती) उघडून प्रत्येक तुकडा कोणत्या भावाला लागला ते एकदा बघा. तुमच्या लिमिटपेक्षा वाईट भाव तिथे दिसला तर ब्रोकरला लगेच लेखी विचारा.