सी प्लस प्लस सोडून रस्टमध्ये येताय? मग इथली रीत आधी समजून घ्या

सी प्लस प्लसमध्ये बरीच वर्षं काढून मी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत आलो आणि आता इथेच रुळलोय. नवीन येणारे सगळे विचारतात की भाषा कुठून शिकू, पण गाडी खरी अडते ती इथल्या लोकांच्या स्वभावापाशी, कोणाला काय खटकतं, काय विचारलेलं चालतं, म्हणून त्याबद्दलच लिहितोय.

इथे कडकपणाचं काम कंपायलर करतो. जुन्या टीममध्ये "हा पॉइंटर फ्री कोण करणार?" हे रिव्ह्यूत कोणीतरी सीनियर विचारायचा आणि त्यावरून वाद व्हायचे. इथे बॉरो चेकर, म्हणजे मेमरी कोण कशी वापरतंय हे तपासणारा कंपायलरचा भाग, विचारतो, आणि तो कोणाचा अनुभव बघत नाही. दहा-पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाला हे फार लागतं, मला सगळं येतं आणि हा मला साधा लूप लिहू देत नाही असं वाटतं, आणि बरेच जण पहिल्या दोन आठवड्यांतच परत जातात. थांबा थोडं. एका व्हेक्टरवर फॉर लूप फिरवा आणि खाली त्याच व्हेक्टरची लांबी प्रिंट करा. ई०३८२ एरर येईल, पण पूर्ण वाचा: व्हेक्टर कुठल्या ओळीवर मूव्ह झाला, म्हणजे त्याची मालकी दुसरीकडे गेली, ते बोट ठेवून दाखवलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं की त्याच्या नावाआधी अँपरसँड (&) लावा. सी प्लस प्लसमध्ये टेम्पलेटच्या लांबलचक एरर पाहून आपल्याला एरर न वाचता पुढे जायची सवय लागलेली असते, ती सवय मोडली की निम्मी लढाई जिंकलात.

आणि क्लोन, म्हणजे डेटाची स्वतंत्र प्रत, करायला लाजू नका. आपल्या डोक्यात कॉपी म्हणजे पाप, त्यामुळे नवीन माणूस स्ट्रक्टमध्ये रेफरन्स ठेवतो, मग लाइफटाइम (तो रेफरन्स कुठवर वैध आहे याची खूण) लिहितो, मग तो लाइफटाइम दहा फंक्शनमध्ये पसरतो आणि शेवटी वैतागून भाषेला शिव्या देतो. स्ट्रिंग ठेवा सरळ, क्लोन करा, आधी चालू द्या. इथले जुने लोक हाच सल्ला देतात, कमी लेखून नाही, मनापासून. पहिला प्रोजेक्ट म्हणून डबली लिंक्ड लिस्टही नको, तिथे एकाच नोडकडे दोन बाजूंनी बोट असतं आणि रस्टला एका गोष्टीचा एकच मालक हवा असतो. छोटं कमांड लाइन टूल घ्या.

प्रश्न विचारताना एररचा पूर्ण मजकूर द्या, स्क्रीनशॉट नको, आणि रस्टच्या ऑनलाइन प्लेग्राउंडवर चालेल एवढा छोटा कोड द्या. मुख्य म्हणजे तुम्हाला शेवटी काय करायचंय ते सांगा, कारण बऱ्याचदा उत्तर असं येतं की हे असं करूच नका, रचना बदला. त्यात अपमान नसतो. उत्तर शोधताना तारीख मात्र बघा, २०१८ च्या आधीचे बॉरो चेकरचे रडगाणे आता बरेचसे लागू नाहीत, आणि असिंक-अवेट (एका कामाची वाट बघताना दुसरी कामं चालू ठेवायची सोय) तर स्टेबल आवृत्तीत आलंच २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये.

आता जे मला इथलं आवडत नाही ते. अनसेफ शब्द, म्हणजे इथली सुरक्षितता कंपायलर नाही तर लिहिणारा सांभाळतो अशी खूण, दिसला की काही जण तुटून पडतात. २०२० च्या जानेवारीत ॲक्टिक्स-वेब या रस्टमधल्या वेब फ्रेमवर्कच्या मूळ लेखकावर अनसेफच्या वापरावरून टीकेचा इतका भडिमार झाला, काही जण तर थेट माणसावर घसरले, की त्याने प्रोजेक्टच सोडला आणि तो दुसऱ्याला सांभाळावा लागला. फुकट काम करणाऱ्या माणसाशी असं वागायचं नसतं, मुद्दा बरोबर असला तरी. तुम्ही अनसेफ वापरलंत तर वर कॉमेंटमध्ये लिहा की हे सुरक्षित का आहे, हीच इथली पद्धत आहे. आणि अनसेफ लिहिलं की बॉरो चेकर बंद पडतो हा गैरसमजही सोडा, रॉ पॉइंटर डीरेफरन्स करण्यासारख्या मोजक्या जादा गोष्टींची मुभा मिळते, बाकी चेकर चालूच असतो.

दुसरं, जुन्या मित्रांकडे जाऊन "सगळं रस्टमध्ये परत लिहा" असं सांगत फिरू नका. यामुळे आपलं नाव खूप खराब झालंय. ॲन्ड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या एकूण दोषांत मेमरी सेफ्टीच्या (मेमरी चुकीची वापरल्याने होणाऱ्या) दोषांचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं, आणि ते मुख्यतः नवा कोड सुरक्षित भाषांमध्ये लिहून, जुना सगळा फेकून नाही. जुना कोड वर्षानुवर्षं चालून घासूनपुसून निघालेला असतो, तो सांभाळणारी माणसं मूर्ख नसतात, आणि तुमचं तिथलं ज्ञान इथेही लागतंच: कॅश, अलाइनमेंट, एफएफआय (दुसऱ्या भाषेतला कोड जोडणं), हे माहीत असलेला माणूस इथे हवाच आहे.

एक काम मात्र आल्या आल्या करा. एखादा एरर मेसेज गोंधळात टाकणारा वाटला तर रस्टच्या रिपॉझिटरीत इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, टाका. कंपायलरवाले अस्पष्ट मेसेजला बगच मानतात. आम्हा जुन्यांना तो मेसेज आता खटकत नाही आणि महिन्याभरात तुम्हालाही खटकणार नाही, तेव्हा कोड आणि मेसेज दोन्ही त्याच दिवशी जोडून टाका.