पैलवानाची कारकीर्द आणि न उकललेला खून: टिपण कसं जुळवायचं

पैलवानाचा खून झाला आणि मारेकरी सापडला नाही, की काही वर्षांतच त्याच्या कुस्त्या आणि त्याचं मरण यांचा काला होतो. म्हणून पहिल्या दिवशीच दोन वह्या करा: एक मैदानाची, एक मरणाची. ‘अमक्या वस्तादाशी त्याचं बिनसलं होतं’ हे पहिल्या वहीत चालेल. दुसऱ्या वहीत कागदाशिवाय काही जाता कामा नये.

मैदानाची वही तालमीतून सुरू होते. चिंचेची, निंबाळकर, गोकुळ वस्ताद, कुठलीही असो, वस्तादांना आधी तीन गोष्टी विचारा: कुठल्या वजनगटात लढायचा, मातीवर की गादीवर, आणि जोड कुणाकुणाबरोबर लागायची. भिंतीवरच्या तसबिरींचे फोटो घेताना खालची अक्षरं कापू नका, तारीख बहुतेक तिथेच असते.

जत्रेच्या मैदानाची पत्रकं मिळाली तर सोनंच, पण दोन खड्डे आहेत. पत्रकावर ठरलेली जोड असते, निकाल नसतो; ऐनवेळी जोड बदलते किंवा पैलवान येतच नाही. दुसरा खड्डा तिथीचा. ‘चैत्र वद्य अष्टमी’ एवढंच छापलेलं असतं. शके दिलं असेल तर ७८ मिळवा. १ जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. मग त्या वर्षाच्या पंचांगातून तारीख काढा. पत्रक इंदूर-ग्वाल्हेरकडचं असेल तर वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे असतो, म्हणजे आपला चैत्र वद्य तो त्यांचा वैशाख वद्य. हे विसरलं की अख्खा महिना चुकतो आणि वर्तमानपत्रात बातमी सापडत नाही.

तारीख हाती आली की पुढचे तीन दिवस चाळा. ‘सकाळ’ १९३२ पासूनचा, ‘केसरी’ त्याहून जुना. पुणे मराठी ग्रंथालय किंवा पुणे नगर वाचन मंदिर इथे जाण्याआधी त्या वर्षाच्या बांधीव फायली आहेत का, हे फोनवर विचारा. ‘चितपट’, ‘गुणांवर’ आणि ‘बरोबरीत सुटली’ हे तीन वेगळे निकाल आहेत, वेगळेच लिहा. घरचे ‘महाराष्ट्र केसरी’ म्हणतात तेव्हा किताब, उपविजेतेपद की त्या अधिवेशनातल्या वजनगटाचं पदक, ते तपासा. स्पर्धा १९६१ पासूनची. त्याआधीचा ‘केसरी’ कुणी सांगितला तर तो किताब दुसरा.

टीव्हीवरच्या कुस्तीला ही पद्धत अर्धीच लागू पडते, कारण तिथे निकाल आधी ठरलेला असतो. कॅनडात टीव्हीवरची कुस्ती खेळलेल्या डिनो ब्राव्होचं उदाहरण घ्या. खरं नाव अडोल्फो ब्रेशानो, जन्म १९४८, इटलीतलं कॅम्पोबासो. १९७८ मध्ये डॉमिनिक डेनुचीबरोबर जोडीचा किताब. जानेवारी १९८८ मध्ये रॉयल रंबल या टीव्हीवरच्या कुस्ती-कार्यक्रमात ७१५ पौंड, म्हणजे सुमारे ३२४ किलो, बेंचवर उचलल्याचा गाजावाजा झाला, पण दांड्याला, मदतीला उभ्या असलेल्या जेसी व्हेंचुराचे हात लागलेले दिसतात. तेव्हा ‘विक्रम’ न लिहिता ‘कार्यक्रमात असं दाखवलं’ असं लिहा. १० मार्च १९९३ ला कॅनडातल्या लव्हालमध्ये, राहत्या घरी, त्याला गोळ्या घालून मारलं. सिगारेटच्या तस्करीशी संबंध जोडला जातो, तो संशय आहे, निकाल नव्हे. वहीत त्याला ‘संशय’ हाच रकाना.

आता मरणाची वही. ‘न उकललेला’ शब्दाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी लपतात. पोलिसांनी ‘अ’ समरी (तपास थांबवताना कोर्टाला दिलेला अहवाल) केली असेल तर गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. आरोपी माहीत पण फरार, हे दुसरं. खटला चालून सगळे निर्दोष सुटले, हे तिसरं. त्याचं निकालपत्र, खटला पुण्यातला असेल तर, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातून नक्कल अर्ज करून मिळवायचं. आधी यातलं काय ते ठरवा, नाहीतर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु.र.नं. आणि वर्ष, हवंच. नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं. पोलीस ठाणंही तपासा: पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. त्याआधी पिंपरी पुणे शहरात होती, चाकण-तळेगाव पुणे ग्रामीणमध्ये. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागायचं ते नावानिशी: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, समरी अहवाल. ‘सगळी फाईल द्या’ म्हटलं की नकाराला वाट मिळते.

नकार बहुधा माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(h) खाली येतो, ‘तपासात अडथळा’. पण घटना वीस वर्षांपूर्वीची असेल तर कलम ८(३) मुळे हे कारण टिकत नाही. अर्जातच तसं लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, २० रुपये.

जुन्या खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२ हेच कलम लिहा. भारतीय न्याय संहितेचं १०३ हे १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना. खुनाला मुदत नाही आणि ‘अ’ समरीनंतरही नवा पुरावा आला तर तपास पुन्हा सुरू होतो, म्हणून ‘फाईल कायमची बंद’ असं लिहू नका.

ज्याच्यावर दोषारोप नाही त्याचं नाव छापू नका, गावभर माहीत असलं तरी. आणि मेलेल्या माणसावर केलेला आरोप घरच्यांच्या भावना दुखावणारा असेल तर तीही बदनामीच ठरू शकते. पैलवानाच्या ‘धंद्यां’बद्दल लिहिताना हे आठवा.

टिपणाची शेवटची ओळ अशी: गु.र.नं., ठाणं, समरीची तारीख, आणि तुम्ही शेवटचं कधी तपासलं ती तारीख.