गावच्या फौजींच्या आठवणी कशा लिहून ठेवाव्या

कापसाचे वेचे आटोपल्यावरच जा. वेचणीच्या दिवसांत कोणाला सवड नसते अन् घाईत सांगितलेलं अर्धंच राहतं. "लढाई कशी होती?" असं एकदम विचारू नका. भरती कुठं झाली, पहिला पगार कोणाला धाडला, इथून सुरू करा; १९७१चं भारत-पाक युद्ध आपोआप निघतं. काका गप्प झाले तर गप्प बसू द्या. काकूंना मात्र हमखास विचारा. ३ ते १६ डिसेंबर घर कसं काढलं, ते त्यांनाच ठाऊक असतं आणि त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

मग पेटी उघडायला सांगा. पत्रावर 'मार्फत ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) एवढाच पत्ता असेल, तर त्यातून फौजी कुठं होता ते कळत नाही. ती सोय मुद्दामच केलेली. म्हणून टपालाच्या शिक्क्यातला नंबर अन् तारीख उतरवून घ्या. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव बारीक कोरलेलं असतं. उजेडात तिरपं धरा, दिसेल. पॉलिश करू नका, अक्षरं झिजतात. फोटो लॅमिनेट तर मुळीच करू नका. मोबाइलनं प्रत काढा, मूळ फोटो त्यांच्याच पेटीत राहू द्या.

शहिदाचं नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पडताळा. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत फुकट शोधता येतात. तिथं स्पेलिंग बदलून बदलून पाहा.

लिहिलेलं घरच्यांना वाचून दाखवा. वगळा म्हणाले, तर वगळा.