कल्ट सिनेमांच्या परदेशी ब्लू-रे मागवताना

रामसे बंधूंचे भयपट, इटलीतले जुने खूनपट, हाँगकाँगची मारधाड, अमेरिकेत १६ मिमी फिल्मवर थोडक्या पैशांत काढलेले राक्षसपट, अशा थोड्या पण कट्टर चाहत्यांच्या म्हणजे 'कल्ट' सिनेमांच्या उत्तम ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त तपशील मावणाऱ्या डिस्क) आता निघताहेत. ॲरो आणि ८८ फिल्म्स या ब्रिटिश कंपन्या, व्हिनेगर सिंड्रोम आणि सेव्हरिन या अमेरिकन. रामसेंचे सिनेमे मोंडो मकाब्रोने काढले आहेत. ज्यांनी हे सिनेमे व्हीसीडीच्या ३५२ बाय २८८ ठिपक्यांत पाहिलेत, त्यांना अंधारात उभा असलेला माणूस पहिल्यांदाच नीट दिसेल. मात्र या डिस्क लातूरला मिळत नाहीत तशाच मुंबईतही सहसा मिळत नाहीत. बाहेरूनच मागवाव्या लागतात. मागवताना आधी प्लेअर बघा, मग डिस्क, आणि डबा सगळ्यात शेवटी. बहुतेकांचा क्रम उलटा असतो, आणि मग सहा हजारांचा देखणा संच घरी येऊन चालतच नाही.

ब्लू-रेचे जगात तीन विभाग आहेत. अमेरिका, जपान, कोरिया 'ए' मध्ये. युरोप, ऑस्ट्रेलिया 'बी' मध्ये. भारत 'सी' मध्ये. आपल्याकडे विकलेला प्लेअर फक्त 'सी'ची किंवा तिन्ही विभागांसाठी खुली असलेली डिस्क वाचतो. डीव्हीडीचे आकडे निराळे: अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. फोर-के यूएचडी (साध्या ब्लू-रेच्या चौपट ठिपक्यांच्या) डिस्कला विभागाचं कुलूप नसतं. पण त्याच डब्यात बऱ्याचदा साधी ब्लू-रेही असते, तिला ते असू शकतं, आणि मुलाखती, माहितीपट वगैरे बरंचसं तिच्यावरच असतं. कंपनीवरून अंदाज बांधू नका. सिनेमाचे हक्क ज्या देशापुरते मिळाले त्या देशापुरती डिस्क बांधली जाते, म्हणून एकाच कंपनीची एक डिस्क खुली आणि दुसरी बंद निघते. डब्याच्या पाठीचा फोटो मोठा करून विभागाची खूण वाचा.

प्लेअरचे दोन मार्ग आहेत. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घरात असेल तर यूएचडी आणि खुल्या ब्लू-रेची सोय झाली (प्लेस्टेशन ४ ब्लू-रे वाचतो, यूएचडी नाही). बंद डिस्कांसाठी मात्र सर्व विभाग वाचणारा स्वतंत्र प्लेअर लागतो. तो घेताना मागच्या पट्टीवरचं 'इनपुट' वाचा. १००-२४० व्होल्ट असेल तर नुसता पिनचा ॲडॅप्टर पुरतो. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल आणि तुम्ही तो थेट आपल्या २३० च्या सॉकेटात लावलात तर पॉवर सप्लाय जळू शकतो. अशा प्लेअरला २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. प्लेअर साधारण १० ते २५ वॉट खातो, १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर भरपूर झाला. विभाग उघडून दिलेल्या प्लेअरवर आपोआप होणारं फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट बंद ठेवा, नाहीतर कुलूप परत लागू शकतं. आणखी एक अडचण अमेरिकन प्लेअरची: ब्रिटिश डिस्कवरच्या जुन्या मुलाखती बऱ्याचदा ५० हर्ट्झच्या, म्हणजे युरोपातल्या टीव्हीच्या वेगाच्या, असतात. सिनेमा नीट चालतो, मुलाखत लावली की पडदा काळा. डिस्क खराब नसते, प्लेअरला ५० हर्ट्झ जमत नाही.

आता डिस्क. कमी बजेटच्या सिनेमात चित्राचा दर्जा ठरतो तो स्कॅन कशावरून केला यावर. 'ओरिजिनल कॅमेरा निगेटिव्ह' (कॅमेऱ्यात प्रत्यक्ष वापरलेली फिल्म) लिहिलं असेल तर सर्वोत्तम, त्याखाली इंटरपॉझिटिव्ह (निगेटिव्हवरून काढलेली प्रत), त्याखाली थिएटरची प्रिंट. प्रिंटवरून केलेली डिस्क म्हणजे वाईट असं मात्र नाही. पुष्कळ सिनेमांच्या निगेटिव्ह कधीच हरवल्यात. उरलेली एकच प्रिंट असेल तर तिच्या रेघोट्यांसकट ती घ्यावी. कशावरून स्कॅन केलं हेच लिहिलेलं नसेल तिथे थांबा, जुनंच मास्टर (आधीच्या स्कॅनची प्रत) नव्या डब्यात भरलेलं असू शकतं. १६ मिमीवर चित्रित सिनेमाची फोर-के आवृत्ती महाग असेल तर साधी ब्लू-रे घ्या. त्या छोट्या निगेटिव्हमधला बहुतेक तपशील साध्या ब्लू-रेच्या १०८० ओळींत मावतो. व्हिडिओ टेपवर चित्रित सिनेमे वेगळेच. मूळ टेपमध्येच तपशील नाही, तर ब्लू-रेवर तो येणार कुठून? तिथे फायदा एवढाच की टेपची आणखी एक कॉपी काढताना होणारी झीज टळते.

लांबी बघून 'कापलाय' असं घाईने ठरवू नका. जुन्या युरोपियन डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम्सने धावतो, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. ब्लू-रेवर तो पुन्हा १०० मिनिटांचा होतो. उलट, मध्येच दोन-चार शॉट एकदम धुरकट झाले तर ते हरवलेले तुकडे वाईट प्रतीतून आणून जोडलेत असं समजा. सबटायटल दोन प्रकारची असतात: मूळ संवादांचा अनुवाद, आणि इंग्रजी डबिंगचं लेखन. इटालियन ट्रॅकला दुसरी लावली तर पात्र एक बोलतं आणि खाली भलतंच उमटतं. मेनूत दोन्ही असतील तर बदलून बघा.

ऑर्डरच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, ते मुळात बंद असतात. सीमाशुल्काचा हिशेब डिस्कची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर होतो. २,५०० रुपयांची डिस्क, १,५०० पाठवणीचे, तर आकारणी ४,००० वर. विक्रेत्याला 'गिफ्ट' लिहायला सांगू नका. खोट्या नोंदीने पार्सल अडकतं आणि सोडवायला तुम्हालाच पळावं लागतं. कुरिअरने मागवलं तर केवायसीची कागदपत्रं लागतात. किनवट, भूम अशा ठिकाणी खाजगी कुरिअर घरपोच देईलच याचा भरवसा नाही. तिथे टपालाने मागवलेलं बरं, वेळ जास्त लागला तरी.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. डिस्क काढताना मधली कळ दाबा, कड धरून वाकवू नका; मधल्या भोकाशी तडा जातो तो याच घाईत. ट्यूबलाइटखाली तिरपी धरून चरे बघा आणि तक्रारीची मुदत संपायच्या आत सिनेमा पूर्ण चालवा. ५० जीबीच्या डिस्कला दोन थर असतात. दोष असला तर ती सहसा थर बदलताना, म्हणजे सिनेमाच्या मध्याच्या आसपास, अडकते. पहिली दहा मिनिटं पाहून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि नॉइज रिडक्शन बंद करा, फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, प्लेअरमध्ये २४ फ्रेम्सचं आउटपुट 'ऑटो'वर ठेवा. शार्पनेस काही टीव्हींवर शून्याला तटस्थ असतो, काहींवर मध्यावर. तो कमी करत जा आणि कडांभोवती पांढरी रेघ दिसेनाशी होईल तिथे थांबा. चित्रावरचे वळवळते कण हे फिल्मचे असतात. ते पुसले की चेहरे मेणाचे होतात.

वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर त्या सुमारास फर्मवेअर अपडेट करू नका. अर्ध्यात बंद पडलेला प्लेअर पुन्हा चालू होईलच असं नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, स्क्वेअर वेव्हवर स्पीकरमधून घरघर येऊ शकते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत डिस्क ठेवू नका, वाकतात. माळवदाची खोली असेल तर उत्तम. कूलरच्या झोतासमोर रॅक नको, दमट हवेने पुठ्ठ्याची कव्हरं फुगतात आणि पुस्तिकांना बुरशी धरते.

ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत असतो, डीव्हीडीचा ०.६ मिमी. म्हणून डीव्हीडी घासून देणाऱ्या मशीनवर ब्लू-रे कधीही देऊ नका. धूळ आधी फुंकणीने उडवा, मग मऊ मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. बोटाचा ठसा निघत नसेल तर कापड किंचित ओलं करा, पण बोअरच्या पाण्याने नको, क्षाराचे डाग राहतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर वापरा. बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही ना, एवढं पाहून घ्या.